पुण्याच्या सहलीत दाखवावी अशी एक वास्तू आणि तिथे शिकलेला एक विद्यार्थी : सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या



सहलीचा विषय निघाला की आपल्या मुरगूड परिसरातल्या शाळांची यादी ठरलेली असते. पुण्याला जायचं म्हटलं तर शनिवारवाडा, सिंहगड, कात्रजचं प्राणिसंग्रहालय. या यादीत आणखी एक ठिकाण घालावं असं मला मनापासून वाटतं. ते म्हणजे शिवाजीनगर भागातलं, मुळा-मुठेच्या संगमाजवळचं जुनं इंजिनिअरिंग कॉलेज, म्हणजेच आजचं सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ. आधी पत्र देऊन परवानगी घ्यावी लागते, पण त्या आवारात घालवलेला एक तास वाया जात नाही.

या संस्थेची सुरुवात १८५४ साली झाली. सरकारी बांधकामांवर देखरेख करणारी माणसे तयार करायची, एवढाच तेव्हाचा साधा हेतू होता. मुख्य इमारतीची पायाभरणी १८६५ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते झाली. उंच मनोरा, टोकदार कमानी, जाड दगडी भिंती. मुलं आधी मान वर करून बघत राहतात आणि मग फोटो काढायला धावतात. मागे नदीकाठी बोट क्लब आहे, तोही त्यांना आवडतो. पण नुसती इमारत बघून परत आलो तर सहल अर्धीच राहते. म्हणून तिथे गेल्यावर मुलांना सावलीत बसवा आणि याच संस्थेत शिकून गेलेल्या एका मुलाची गोष्ट सांगा.

तो मुलगा म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळी या लहानशा खेड्यात १५ सप्टेंबरला त्यांचा जन्म झाला. वडील संस्कृतचे जाणकार, पण घरची परिस्थिती बेताची. विश्वेश्वरय्या साधारण पंधरा वर्षांचे असताना वडील वारले. पुढच्या शिक्षणासाठी मामांच्या आधाराने ते बंगळूरला राहिले. एका घरातल्या मुलांच्या शिकवण्या घेऊन त्यांनी स्वतःचा खर्च भागवला आणि १८८१ मध्ये सेंट्रल कॉलेजातून बी.ए. झाले.

पुढे काय, हा प्रश्न होताच. इंजिनिअर व्हायचं तर पुण्याला जायला हवं आणि त्यासाठी पैसा हवा. तेव्हा म्हैसूर सरकारने त्यांना शिष्यवृत्ती दिली आणि ते पुण्यात आले. त्या काळी या संस्थेला कॉलेज ऑफ सायन्स म्हणत. आजूबाजूची भाषा परकी, हातात मोजके पैसे, डोक्यावर वडिलांचं छत्र नाही. तरीही १८८३ च्या एलसीई परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले. मुंबई सरकारने त्यांना नोकरी दिली आणि १८८४ मध्ये ते नाशिकला असिस्टंट इंजिनिअर म्हणून रुजू झाले.

इथे मी मुलांना थांबवून विचारते, शिष्यवृत्ती मिळाली नसती तर काय झालं असतं? एखादा लगेच म्हणतो, शिकवण्याच घेत बसले असते. बरोबर आहे. म्हणूनच शिष्यवृत्तीचा अर्ज हा आपल्याला नुसता कागद वाटू नये. शेवटच्या दिवशी घाईत भरलेला किंवा एका दाखल्यावाचून अडकलेला अर्ज म्हणजे कुणाचा तरी थांबलेला रस्ता असू शकतो.

पुढची चोवीस-पंचवीस वर्षे विश्वेश्वरय्यांनी मुंबई इलाख्यात काढली, त्यातली बरीचशी आपल्या महाराष्ट्रात. खानदेशात त्यांनी पाटबंधाऱ्यांची कामे केली. १८९५ च्या सुमारास सिंधमधल्या सक्कर शहराला स्वच्छ पाणी देण्याची योजना त्यांनी पूर्ण केली. सिंधू नदीचं पाणी गढूळ. मग नदीतली वाळूच गाळणीसारखी वापरून पाणी आधी विहिरीत घ्यायचं आणि तिथून शहराकडे चढवायचं, अशी ती व्यवस्था होती. वाळू आपणही रोज बघतो, पण तिचा असा उपयोग सुचायला नजर लागते.

नीरा कालव्यावरचं त्यांचं काम तर आपल्या ऊस पिकवणाऱ्या भागाला चटकन समजेल. कालव्याच्या तोंडाशी असलेले शेतकरी भरपूर पाणी घेत आणि शेवटच्या गावांपर्यंत ते पोहोचत नसे. विश्वेश्वरय्यांनी जमिनीचे गट पाडून, पिकांची फेरपालट ठरवून पाणी देण्याची पद्धत आणली. उसाला ठरावीक हिस्सा, बाकी जमिनीत हंगामी पिके. सुरुवातीला विरोध झाला. ज्याला भरपूर मिळत होतं त्याला वाटून घ्या म्हटलं की राग येणारच! पण तेवढ्याच पाण्यात जास्त गावे भिजतात हे हळूहळू लोकांना पटले.

आता खडकवासल्याची गोष्ट. पुण्याच्या या जलाशयात पाणी कमी पडू लागलं होतं आणि पावसाळ्यात तेच पाणी सांडव्यावरून वाहून जात होतं. आपला सर पिराजीराव तलाव भरला की सांडव्यावरून पाणी पडताना मुलं बघायला जातात, तसंच. धरणाची भिंत वाढवणं खर्चाचं आणि धोक्याचं. विश्वेश्वरय्यांनी भिंत तशीच ठेवून सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी सुमारे ८ फूट जास्त अडलं. पातळी ठरलेल्या खुणेच्या वर गेली की पाण्याच्याच जोराने वजनांचा तोल बदले आणि दरवाजे उघडत. पूर ओसरला की पुन्हा बंद. रात्री-अपरात्री दरवाजा उघडायला माणूस धावायला नको. १९०३ मध्ये या रचनेचं पेटंट त्यांच्या नावावर झालं.

आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना ही कल्पना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. शाहू महाराजांनी काम सुरू केलेल्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. कितवा दरवाजा उघडला ही बातमी दर पावसाळ्यात घरोघरी ऐकली जाते. मात्र खडकवासल्याला गेलात तर एक गोष्ट मुलांना सांगा. १९६१ मध्ये पानशेत फुटलं तेव्हा तिथलं जुनं धरणही फुटलं. आज दिसतं ते नंतरचं बांधकाम.

या पेटंटबद्दल विश्वेश्वरय्यांना मानधन घेता आलं असतं. त्यांनी ते नाकारलं. सरकारी नोकरीत असताना, सरकारच्या वेळात केलेल्या कामाचा वेगळा मोबदला घेणं त्यांना योग्य वाटलं नाही. आजकाल इंजिनिअरिंगचा विषय निघाला की पहिला प्रश्न पॅकेजचा असतो. पालकांची काळजी मला समजते, कर्ज काढून शिकवायचं म्हणजे हिशोब करावाच लागतो. पण समाजाच्या पैशावर शिकलेल्या माणसाने समाजाला काय परत दिलं, हा प्रश्नही मुलांच्या कानावर पडू दे.

१९०८ मध्ये त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. सर्वांत वरची जागा भारतीय माणसाला मिळण्याची आशा तेव्हा नव्हती. त्याच वर्षी मुसी नदीच्या पुराने हैदराबाद उद्ध्वस्त झालं. शहराला पुन्हा पूर येऊ नये यासाठी नदीच्या वरच्या अंगाला जलाशय बांधण्याची योजना त्यांनी दिली. १९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य इंजिनिअर झाले. कावेरीवरच्या कृष्णराजसागर धरणाचं काम त्यांच्याच पुढाकाराने सुरू झालं. १९१२ ते १९१८ ते म्हैसूरचे दिवाण होते. याच काळात १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ आणि १९१७ मध्ये बंगळूरचं इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालं. पुण्यात शिकलेल्या मुलाने आपल्या भागातल्या मुलांसाठी तशीच सोय उभी केली.

पण चरित्र सांगताना फक्त गोड गोड सांगू नये. सरकारी नोकऱ्यांत मागे राहिलेल्या समाजांसाठी जागा राखून ठेवाव्यात, असा विचार म्हैसूरमध्ये पुढे आला तेव्हा विश्वेश्वरय्यांना तो पटला नाही. निवड गुणांवरच व्हावी असं त्यांचं मत होतं आणि या मतभेदातून त्यांनी दिवाणपद सोडलं. आपल्या कोल्हापुरात मात्र शाहू महाराजांनी १९०२ मध्येच मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या होत्या. परीक्षेत पहिला येण्याआधी परीक्षेपर्यंत पोहोचावं लागतं, हे महाराजांनी ओळखलं होतं. विश्वेश्वरय्यांना स्वतःला शिष्यवृत्तीचा हात मिळाला होता, पण ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पाटीच आली नव्हती त्यांचं काय? वरच्या वर्गातल्या मुलांसमोर हा प्रश्न जरूर ठेवा. मोठ्या माणसाचा आदर करूनही त्याच्याशी असहमत होता येतं, हेही शिक्षणच आहे.

१९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. शंभरी ओलांडून एप्रिल १९६२ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, आपल्याकडे अभियंता दिन म्हणून साजरा होतो.

तर पुढच्या सहलीत त्या दगडी इमारतीसमोर बस थांबवा. आपल्या गावाकडची मुलं मोठं फाटक बघून जरा बिचकतात, मागे मागे राहतात. त्यांना सांगा की बाहेरगावाहून आलेला, वडील नसलेला एक मुलगाही कधीकाळी इथे शिकायला आला होता. आणि सहलीहून परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात वर्गातल्या किती मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे राहिलेत, ते एकदा तपासून बघा.