मलिक अंबरचा धारा

कोंडलेल्या राज्याने तिजोरी कशी भरावी, हा प्रश्न जुन्नर परिसराने चारशे वर्षांपूर्वी अनुभवला आहे. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला आणि निजामशाही बुडाल्यासारखी झाली. तिला पुन्हा उभे केले ते मलिक अंबरने. आफ्रिकेतील हबशाणात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस दख्खनमध्ये चंगेजखानाच्या पदरी राज्यकारभार शिकला होता. मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवून त्याने पुढे राजधानी जुन्नरला आणली. राजा अर्थातच नामधारी!

उत्तरेस बऱ्हाणपूरला मोगलांचे ठाणे, किनाऱ्यावर चौलला पोर्तुगीज, आणि दक्षिणेस विजापूरकर, ज्यांच्या मैत्रीचा भरवसा नाही. अशा स्थितीत आज निमगाव सावा, बेल्हे, ओतूर ही गावे ज्या पट्ट्यात आहेत, तेथल्या ज्वारी-बाजरीवरच फौज पोसायची होती. रयतेला पिळून काढण्याचा मोह कोणत्याही कारभाऱ्याला झाला असता. अंबरने उलट वाट धरली. वसुलीचा मक्ता देण्याची पद्धत त्याने मोडली, जमिनीची प्रत पाहून धारा ठरवला. प्रथम धान्यरूपाने आणि अनुभवाअंती रोख रकमेत. गावगाड्याची विस्कटलेली घडी बसवली, मिरासदाराचा हक्क मानला. जमीन आपल्याकडे राहील याची खात्री असलेला कुणबीच पडीत रान लागवडीस आणतो, हे त्याने ओळखले होते.

पाठ्यपुस्तके त्याच्या गनिमी काव्याचीच वाखाणणी करतात. त्या काव्याची किंमत मात्र गावांनीही मोजली. शत्रूची रसद तोडायची म्हणजे आपल्याच मुलखातील वैरण जाळणे आले. शिवाय लखुजी जाधवांसारखे मातब्बर सरदार मोगलांना मिळाले. १६१६ मध्ये रोषणगावला पराभव झाला आणि त्याने वसवलेली खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर, शत्रूने जाळली. १६१७ च्या तहात अहमदनगर पुन्हा मोगलांना द्यावे लागले. तरीही १६२४ मध्ये भातवडीला मोगल आणि विजापूरकर यांच्या एकत्र फौजांना त्याने तलावाचे पाणी सोडून चिखलात रुतवले आणि धूळ चारली. शहाजीराजे त्या लढाईत त्याच्या बाजूने होते.

१६२६ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, अंबर वारला. त्याच्यामागे फौज, खजिना आणि सरदार यांना एकत्र बांधणारा कोणी उरला नाही. १६३६ मध्ये निजामशाही संपली. धारा मात्र राहिला. पुणे जहागिरीची उजाड जमीन लागवडीस आणताना दादोजी कोंडदेवांनी तीच पद्धत पुढे चालवली, असे काही इतिहासकार मानतात.