विटा रचणारा नौकावीर : जॉन केली

ज्याच्या हातांनीं घरें उभीं राहतात, त्याला त्याच घरांच्या दिवाणखान्यांत मानानें बसावयास मिळतेंच असें नाहीं. अंगमेहनतीचें काम हलकें आणि बसून करावयाचें काम भारदस्त, ही समजूत पुष्कळ देशांत फार जुनी आहे. एके काळीं ती खेळांतही शिरली होती. अमेरिकेंतील एका गवंड्यास ती कशी आडवी आली आणि त्यानें तिला काय उत्तर दिलें, तें पुढील चरित्रावरून कळून येईल.

जॉन केली याचा जन्म फिलाडेल्फिया शहरीं ता. ४ ऑक्टोबर १८८९ रोजीं झाला. त्याचे आईबाप आयर्लंड सोडून उपजीविकेसाठीं अमेरिकेंत आले होते. घरांत दहा भावंडें असल्यामुळें ज्याच्या अंगीं बळ आलें त्यानें मिळवूं लागावें, अशीच रीत होती. जॉनही तरुणपणींच गवंडीकाम शिकला. हातांत थापी आणि ओळंबा घेऊन दिवसा भिंती रचाव्या आणि सवड मिळतांच स्कूलकिल नदीवर नौका वल्हवावी, हा त्याचा क्रम झाला. या नदीच्या कांठीं नौकाक्रीडेच्या अनेक संस्थांचीं घरें आहेत. त्यांपैकीं ‘व्हेस्पर’ नांवाच्या संस्थेचा तो सभासद होता.

या खेळाचें स्वरूप आपल्याकडील होडी हांकण्याहून पुष्कळ निराळें आहे. एकट्यानें वल्हवावयाची नौका फार अरुंद व हलकी असते; तोल गेला कीं ती उलटलीच म्हणून समजावें. आंतील बैठक मागेंपुढें सरकते, त्यामुळें जोर केवळ दंडांचा नसून मुख्यतः पायांचा आणि पाठीचा असतो. दोन हातांत दोन वल्हीं असतात. विशेष हें कीं, वल्हविणारा आपल्या ध्येयाकडे पाठ करून बसतो. जिंकण्याची रेषा त्याला दिसत नाहीं. दिसतात ते मागें पडलेले प्रतिस्पर्धी. २००० मीटरांची शर्यत सातआठ मिनिटांत संपते. परंतु तेवढ्या अवधींत धट्टाकट्टा मनुष्यही गलितगात्र होतो.

पहिल्या महायुद्धांत केलीनें अमेरिकन सैन्यांत चाकरी केली. युद्ध संपतांच तो पुन्हां नदीवर आला आणि लवकरच आपल्या देशांतील पहिल्या प्रतीचा नौकापटु म्हणून गाजूं लागला. आतां त्याची दृष्टि इंग्लंडकडे वळली. थेम्स नदीवर हेन्ले येथें १८३९ सालापासून नौकांच्या शर्यती भरतात. तेथील ‘डायमंड स्कल्स’ हें एकट्याच्या शर्यतीचें पारितोषिक त्या काळीं जगांत सर्वश्रेष्ठ गणलें जाई. १९२० सालीं केलीनें त्या शर्यतीसाठीं आपलें नांव पाठविलें. शर्यतीस थोडेच आठवडे उरले असतां नकार आला.

नकारास कारणें दोन होतीं. पहिलें असें कीं, १९०५ सालीं हेन्लेस आलेल्या व्हेस्परच्या चमूनें हौशी खेळाडूंचे नियम मोडले, असा चालकांनीं ठपका ठेवला होता आणि १९०६ सालापासून त्या संस्थेस बंदी केली होती. या गोष्टीशीं केलीचा कांहीं संबंध नव्हता. दुसरें कारण मात्र थेट त्याच्यावर होतें. मजुरी घेऊन हातानें काम करणाऱ्या कारागिरास अथवा मजुरास हौशी खेळाडू मानूं नये, असा हेन्लेचा नियम होता. अंगमेहनतीनें शरीर बळकट होतें, म्हणून कारकुनी किंवा विद्याभ्यास करणाऱ्यांवर अन्याय होतो, असें त्याचें समर्थन करीत. परंतु उच्च वर्गाचा अभिमान हेंच त्याचें खरें मूळ होतें. खेळाबद्दल एक पैसाही न घेणारा मनुष्य केवळ विटा रचतो एवढ्यासाठीं अपात्र ठरला.

केलीस हा अपमान जिव्हारीं लागला. परंतु तो हातपाय गाळून बसला नाहीं. त्याच वर्षीं बेल्जम देशांत अँटवर्प येथें ऑलिंपिक सामने भरावयाचे होते. तेथें असा नियम नव्हता. नौकाशर्यती ब्रुसेल्सजवळील कालव्यावर झाल्या. अंतिम शर्यतींत केलीच्या समोर इंग्लंडचा जॅक बेरेसफर्ड हा २१ वर्षांचा तरुण उभा ठाकला. ज्या शर्यतीचें दार केलीस बंद झालें होतें, ती डायमंड स्कल्स त्या वर्षीं यानेंच जिंकली होती! केली तेव्हां तीस वर्षांचा होता. ता. २९ ऑगस्ट रोजीं ही शर्यत झाली आणि ती अत्यंत अटीतटीची ठरली. ७ मिनिटें ३५ सेकंदांत केलीनें रेषा ओलांडली. बेरेसफर्ड केवळ एका सेकंदानें मागें राहिला. नंतर सुमारें अर्ध्या तासानें, शीण पुरता उतरला नसतांही, केली आपला चुलत भाऊ पॉल कॉस्टेलो याच्यासह दोघांच्या नौकेंत बसला आणि तीही शर्यत त्यानें जिंकली. जिंकल्यावर घामानें भिजलेली आपली हिरवी टोपी त्यानें इंग्लंडच्या राजाकडे पाठवून दिली, अशी आख्यायिका आहे. पुढें १९२४ सालीं पॅरिसच्या सामन्यांत याच जोडीनें पुनः विजय मिळविला. अशा रीतीनें केलीचीं सुवर्णपदकें तीन झालीं. बेरेसफर्डही कांहीं सामान्य नव्हता. १९२० पासून १९३६ पर्यंत पांच ऑलिंपिक सामन्यांत त्यानें ओळीनें पदकें मिळविलीं.

कीर्ति मिळाल्यावर केलीनें आपला धंदा लपविला नाहीं. त्यानें विटांच्या बांधकामाची स्वतःची कंपनी काढून ती मोठ्या भरभराटीस आणली. १९३५ सालीं तो फिलाडेल्फियाच्या नगराध्यक्षपदासाठीं उभा राहिला, परंतु त्यास यश आलें नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं राष्ट्राच्या शारीरिक शिक्षणाचें काम त्याजकडे सोंपविलें. त्याचा भाऊ जॉर्ज यास १९२६ सालीं नाटकाबद्दल पुलित्झर पारितोषिक मिळालें. कन्या ग्रेस ही प्रसिद्ध नटी होऊन १९५६ सालीं मोनॅकोची प्रिन्सेस झाली.

हेन्लेचा तो नियमही कायम टिकला नाहीं. १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिक सामन्यांस निघालेला ऑस्ट्रेलियाचा चमू, त्यांतील मंडळी पोलीस शिपाई असल्यामुळें, याच नियमाखालीं एका मुख्य शर्यतीस अपात्र ठरला. त्यावरून फार ओरड झाली आणि १९३७ सालीं नियम रद्द करण्यांत आला. केलीचें वय तोंपर्यंत उलटून गेलें होतें. त्यानें आपल्याच नांवाच्या मुलास लहानपणापासून वल्हीं धरावयास शिकविलें होतें. १९४७ सालीं या मुलानें हेन्ले येथें डायमंड स्कल्स जिंकली आणि १९४९ सालीं ती दुसऱ्यांदां जिंकली. बापाचें शल्य मुलानें काढलें, असें जग म्हणालें. तथापि एका पिढीच्या अपमानाचें ओझें दुसऱ्या पिढीच्या खांद्यावर यावें, हें कितपत इष्ट, याचा विचार पालकांनींही करण्यासारखा आहे.

ता. २० जून १९६० रोजीं जॉन केली फिलाडेल्फिया येथें मरण पावला. स्कूलकिल नदीच्या कांठीं नौका वल्हवीत असलेला त्याचा पुतळा आज उभा आहे. विद्यार्थिमित्रहो, केलीनें त्या नियमाशीं वाद घालीत दिवस घालविले नाहींत. ज्या हातांना नियमानें हीन ठरविलें, तेच हात पाण्यावर काय करूं शकतात, एवढेंच त्यानें दाखवून दिलें. आपल्या शाळेच्या भिंती ज्या अनाम गवंड्यांनीं रचल्या, त्यांचे हातही तसेच होते, हें ध्यानांत ठेवलें म्हणजे हें चरित्र वाचल्याचें सार्थक होईल.