देहातील देव्हारा : भास्करराय

तंजावरच्या भोसल्यांनी कावेरीकाठी राज्य केले, हे आपण सर्व जाणतो. त्या राज्यात येऊन स्थिरावलेल्या एका थोर उपासकाचे नाव मात्र आपल्या घरांतून क्वचितच घेतले जाते. ते नाव भास्करराय. सुवर्णमहोत्सवाच्या या प्रसंगी आम्ही त्यांचे स्मरण करीत आहोत, कारण त्यांचे आयुष्यही प्रांतोप्रांती गेले; आणि घरापासून दूर असलेल्या माणसाने देव कोठे ठेवावा, याचे उत्तर त्यांच्या ग्रंथांत सापडते.

भास्कररायांचा काळ सामान्यतः इ. स. १६९० ते १७८५ असा मानला जातो. वडील गंभीरराय, आई कोनांबा. घराणे देशस्थ ऋग्वेदी. त्यांचे अध्ययन काशीस नृसिंहाध्वरी यांच्यापाशी झाले आणि सुरतेस शिवदत्त शुक्लांनी त्यांना श्रीविद्येची पूर्ण दीक्षा दिली. दीक्षेनंतर ते भासुरानंदनाथ झाले. पत्नी आनंदी यांनाही त्यांनी दीक्षा दिली. पुढे गंगाधर वाजपेयींकडे तर्कशास्त्र शिकण्यासाठी ते चोलदेशी आले. तंजावरच्या राजाने त्यांना कावेरीच्या उत्तर तीरावर गाव दिले, तेच भास्करराजपुरम्.

तंत्रमार्गात पूजेचे दोन प्रकार मानले आहेत. यंत्र, मूर्ती, गंध, फूल, नैवेद्य यांनी करावयाचा तो बहिर्याग; केवळ भावनेने करावयाचा तो अंतर्याग. पुष्कळांना पहिला म्हणजे कर्मकांड आणि दुसरा म्हणजेच खरा धर्म असे वाटते. भास्कररायांनी अशी फारकत केली नाही. देवतेची स्थूल, सूक्ष्म आणि पर अशी तीन रूपे आहेत. स्थूल रूपाची सेवा शरीराने, मंत्रमय सूक्ष्म रूपाची वाणीने आणि पर रूपाची मनाने करावयाची. माणसाला शरीर, वाणी आणि मन ही तिन्ही असताना एकाला उपाशी का ठेवावे, असा या विचाराचा रोख आम्हांस दिसतो.

भावनोपनिषदावरील त्यांच्या भाष्यात अंतर्यागाचा सविस्तर उलगडा आहे. तेथे नऊ द्वारांचा हा देहच श्रीचक्र होय. संकल्प हे कल्पतरू, जाणणारा हा होता, ज्ञान हे अर्घ्य आणि जाणलेली वस्तू हा हवी. ही तिन्ही एकच आहेत, असे भाविणे ही पूजा. दिवसभरातील श्वास परंपरेने २१,६०० मोजले आहेत. त्यांचे पंधरा भाग केले म्हणजे प्रत्येकी १,४४० होतात आणि प्रत्येक भाग एकेका तिथिनित्येचा ठरतो. अशा उपासकाचा एकही श्वास पूजेवाचून जात नाही.

एवढे लिहिणाऱ्या या विद्वानाने देवळांकडे मात्र पाठ फिरविली नाही. त्यांचे शिष्य उमानंदनाथ यांनी ‘भास्करविलास’ या काव्यात गुरूंचे चरित्र वर्णिले आहे. काशीस चक्रेश, कोकणात गंभीरनाथ अशा देवस्थानांची स्थापना आणि भीमातीरी सन्नतीच्या चंद्रलांबेच्या मंदिराचे कार्य त्यांच्या नावावर आहे. पतीच्या पश्चात आनंदीबाईंनी भास्करराजपुरम् येथे भास्करेश्वराचे देऊळ बांधविले. ललितासहस्रनामावरील ‘सौभाग्यभास्कर’, नित्याषोडशिकार्णवावरील ‘सेतुबंध’ आणि ‘वरिवस्यारहस्य’ हे त्यांचे ग्रंथ आजही श्रीविद्येचे आधारस्तंभ मानले जातात. ‘वरिवस्यारहस्या’त पंचदशी मंत्राचे पंधरा अर्थ सांगितले असून, अर्थ न जाणता केलेल्या उच्चाराला त्यांनी फार थोडे मोल दिले आहे.

एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. तिरुविडैमरुदूर येथे ओटीवर बसलेले भास्करराय समोरून जाणाऱ्या संन्याशास पाहून उठत नसत. संन्याशाने याविषयी बोल लावताच त्यांनी त्याला दंड, कमंडलू आणि छाटी बाजूस ठेवावयास सांगून त्या वस्तूंना नमस्कार केला. त्या जागच्या जागी छिन्नभिन्न झाल्या! नित्य न्यासांनी देवतामय झालेल्या देहाचा नमस्कार दुसऱ्यास सोसवणार नाही, म्हणून ते स्वस्थ बसत; त्यासाठी उद्धटपणाचा ठपकाही त्यांनी मुकाट्याने सोसला. आख्यायिका तपासून पाहता येत नाहीत. परंतु लोकांनी त्यांना कोणत्या रूपात जपले, ते यावरून कळते.

आपल्यापैकी अनेकांचे कुलदैवत शेकडो कोसांवर आहे. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात फळीवर देव मांडणाऱ्या गृहिणीला आपली पूजा उणी वाटण्याचे कारण नाही. मात्र फळीवरचे देवही उचलून ठेवावेत, मनात भाव आहे एवढे पुरे, असे म्हणणाऱ्यांनीही भास्कररायांकडे पाहावे. ज्यांच्या श्वासाश्वासांत पूजा होती, त्यांनी फुलांची परडी कधी खाली ठेवली नाही.