विश्लेषण : मेंदूची वेस प्रयोगशाळेत, शरीराबाहेर पेशी जगवणाऱ्या कमल रणदिवे कोण होत्या?

मेंदूभोवतीचा पहारा कसा तयार होतो, हे शास्त्रज्ञ आता मानवी स्टेम सेल, म्हणजेच मूळपेशी वाढवून पाहतात. पण त्यासाठी आधी शरीराबाहेर पेशी जगवता आली पाहिजे. भारतात हे तंत्र रुजवले डॉ. कमल रणदिवे यांनी.

मेंदूची वेस म्हणजे काय?

बावन्न दरवाजांच्या छत्रपती संभाजीनगरात ही रचना समजावणे सोपे आहे. मेंदूतील केशवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. ऑक्सिजन सहज आत जातो, ग्लुकोज ठरलेल्या दारानेच शिरते. बहुतेक जंतू आणि विषारी द्रव्ये बाहेर थांबतात. यालाच रक्त-मेंदू अडथळा म्हणतात. अडचण अशी की, बरीच औषधेही वेशीबाहेरच अडकतात.

रणदिवे या क्षेत्रात कशा आल्या?

माहेरच्या कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. मुलीने डॉक्टर व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. हुजूरपागेत शिकलेल्या कमल यांनी मात्र वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र निवडले. १९३९ मध्ये गणिताचे अभ्यासक जे. टी. रणदिवे यांच्याशी विवाह झाला. १९४३ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून त्या एमएस्सी झाल्या. विषय होता सीताफळाच्या कुळातील गुणसूत्रे. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयात काम करताना डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी पीएचडी मिळवली.

बाल्टिमोरहून त्यांनी काय आणले?

पुढे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गे यांच्याकडे त्या पेशीसंवर्धन शिकल्या. याच गे यांच्या प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतील पेशी अखंड वाढू लागल्या. हेला या नावाने त्या जगभर पोहोचल्या.

मायदेशी परतल्यावर रणदिवे परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये रुजू झाल्या. १९६०च्या दशकात तेथे उभी राहिलेली प्रयोगशाळा देशातील पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा मानली जाते. केळीच्या रोपांमुळे हा शब्द आज शेतकऱ्यालाही माहीत आहे. पण प्राण्यांची पेशी जास्त नाजूक. तिला शरीराइतकी ऊब, नेमके पोषक द्रव आणि जंतुमुक्त भांडे लागते. थोडा संसर्ग झाला तरी सगळी मेहनत वाया. ही पोषक द्रवे आणि रसायने रणदिवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी इथेच तयार केली.

त्यातून काय साधले?

स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा काय वाटा असतो, हे त्यांनी उंदरांवर अभ्यासले. कुष्ठरोगाच्या जंतूंवरील कामासाठी १९६४ मध्ये वाटुमल पुरस्कार मिळाला. १९६६ ते १९७० या काळात केंद्राची धुरा त्यांच्याकडे होती. १९७३ मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना स्थापन केली. १९८२ मध्ये पद्मभूषणने त्यांचा गौरव झाला.

आजच्या संशोधनाशी नाते काय?

रणदिवे यांनी स्वतः रक्त-मेंदू अडथळ्यावर काम केले नव्हते. नाते आहे ते तंत्राचे. २००७ मध्ये जपानचे शिन्या यामानाका यांनी माणसाच्या त्वचेच्या पेशी मूळपेशीसारख्या करून दाखवल्या. २०१२ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या गटाने अशा मूळपेशींपासून मेंदूच्या वेशीचे प्रारूप घडवले. गर्भातील मेंदूत ही वेस कशी बांधली जाते, ते थेट पाहता येत नाही आणि उंदराची वेस हुबेहूब माणसासारखी नसते. म्हणून अशा प्रारूपांचे मोल मोठे. पुढे मात्र अशा काही पेशींची जनुके रक्तवाहिनीच्या अस्तरापेक्षा वेगळी आढळली. भांड्यात वाढते ती पेशी नेमकी कोणती, ही तपासणी आजही टळत नाही.

अखेरची वर्षे

निवृत्तीनंतर रणदिवे यांनी शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणावर काम केले आणि ग्रामीण महिलांना आरोग्यसेवेचे धडे दिले. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. प्रयोगासाठी लागणारे साहित्य मिळत नसेल तर ते आपणच तयार करायचे, हा त्यांनी घालून दिलेला धडा मूळपेशींच्या महागड्या संशोधनात आजही उपयोगी आहे.