शेवरोले गाडी ज्याच्या नावाची, त्याचं घर चाललं फोर्डच्या गाड्यांवर!

उंब्रजहून पाटणकडे वडापने गेला असाल, तर कधीतरी तवेरात बसला असाल. पुढच्या जाळीवर सोनेरी अधिकसारखं चिन्ह आणि आत मांडीला मांडी लावून बसलेली माणसं. ते चिन्ह शेवरोलेचं. २००८ साली पुण्याजवळ तळेगावात जनरल मोटर्सने या गाड्यांचा कारखाना काढला, २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री बंदही केली. पण शेवरोले हे मुळात एका माणसाचं आडनाव.

लुई शेवरोले. जन्म १८७८, स्वित्झर्लंड. बाप घड्याळजी. लुई सायकली दुरुस्त करायचा, शर्यतीत पळवायचा. १९०० साली तो अमेरिका खंडात पोचला आणि काही वर्षांतच मोटारींच्या शर्यतीत गाजू लागला.

१९११ साली विल्यम ड्युरांट या धंदेवाईक माणसाने त्याच्या नावावर कंपनी काढली. पहिली गाडी २१५० डॉलरची. फोर्डची मॉडेल टी तिच्या निम्म्याहून कमी पैशात मिळायची. ड्युरांटला फोर्डशी टक्कर देणारी स्वस्त गाडी हवी होती, लुईला दमदार. भांडण झालं. लुई बाहेर पडला, हिस्सा विकला आणि नावही तिथेच राहिलं.

मग गड्याने केलं काय? भावांना घेऊन फ्रंटेनॅक नावाने रेसिंगच्या गाड्या बांधल्या. धाकटा गास्तों १९२० ची इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत जिंकला आणि त्याच नोव्हेंबरात दुसऱ्या शर्यतीत गेला.

पुढे भावांनी धंदा काढला तो चक्क फोर्डच्या मॉडेल टीसाठी इंजिनाचे हेड बनवायचा! इंजिन जेमतेम २० हॉर्सपॉवरचं. नवं हेड बसवलं की ताकद चांगलीच वाढायची. पण नुसत्या ताकदीने वेग वाढत नाही. खरी मेख मागच्या अ‍ॅक्सलमध्ये, मधल्या फुगीर गोळ्यात असते. तिथे लहान पिनियन मोठ्या क्राउनला फिरवतो. मॉडेल टीच्या पिनियनला ११ दात, क्राउनला ४०. म्हणजे शाफ्टचे ३.६४ फेरे झाले की चाकाचा एक. शर्यतवाले ही जोडी काढून १३ आणि ३९ दातांची टाकत. आता तीन फेऱ्यांतच चाक फिरणार. इंजिन तेवढंच फिरवून वेग २१ टक्के जास्त! फुकट मात्र काही नाही, चाकावरची ओढ साडेसतरा टक्क्यांनी घटते. साध्या इंजिनावर ही जोडी टाकली तर गाडी चढाला रडणार. म्हणून आधी हेड, मग दात. (माणसं कोंबलेल्या वडापला याच्या नेमकं उलट हवं असतं, वेग कमी चालेल, ओढ पाहिजे.)

१९२३ साली अशाच फ्रंटेनॅक हेडच्या फोर्डने इंडियानापोलिसला पाचवा नंबर काढला, तोही खास शर्यतीसाठी बांधलेल्या महागड्या गाड्यांमध्ये. ज्या स्वस्त गाडीच्या वाटेला जायचं नाही म्हणून लुईने स्वतःची कंपनी सोडली, तीच आता त्याला पोसत होती.

फार काळ नाही. फोर्डने १९२७ साली मॉडेल टी बंद केली, पाठोपाठ १९२९ ची मंदी आली. लुईच्या हाती फारसं काही उरलं नाही. उतारवयात त्याने शेवरोलेच्याच कारखान्यात नोकरी केली. ६ जून १९४१ ला तो डेट्रॉइटमध्ये वारला, दफन इंडियानापोलिसला झालं. त्या वर्षी अमेरिकेत विक्रीत फोर्डच्याही पुढे होती ती शेवरोले.