ताराबाई मोडक आणि अंगणातील शाळा

हैदराबादेत तेलुगू बोलणाऱ्या शेजारणीस तिचे मूल दिवसा कोठे असते असे विचारावे, तर उत्तरात ‘अंगनवाडी’ हा शब्द येतो. मराठी माणसास तो ओळखीचा वाटावा यात नवल नाही. हा शब्द व त्यामागचा प्रयोग ताराबाई मोडक यांच्या नावावर जमा आहे. आपल्या जुन्या घरांतून ताराबाई ठाऊक आहेत त्या दादरच्या शिशुविहारच्या बाई म्हणून. मला त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध अधिक मोलाचा वाटतो.

त्यांचा जन्म 19 एप्रिल 1892 रोजी मुंबईस झाला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थनासमाजाचे; मुलीने शिकावे की नाही, हा वाद त्या घरात नव्हता. 1914 मध्ये त्या बी. ए. झाल्या. अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी झालेला विवाह टिकला नाही. 1921 मध्ये त्या वेगळ्या झाल्या आणि पदरी लहान मुलगी असता राजकोटला स्त्री-शिक्षिका घडविणाऱ्या विद्यालयाच्या प्राचार्या झाल्या. त्या काळी एवढ्यावर एखादीचे आयुष्य कृतार्थ मानले गेले असते.

परंतु 1923 मध्ये ती नोकरी सोडून त्या भावनगरास गेल्या. भावनगर हे आपल्या हैदराबादेसारखेच संस्थान, मात्र आकाराने कितीतरी लहान. तेथे वकिली सोडून मुलांत रमलेले गिजुभाई बधेका दक्षिणामूर्ती संस्थेचे बालमंदिर चालवीत. छडी नाही, घोकंपट्टी नाही. मुलांनी हाताने वस्तू हाताळाव्यात, निवडाव्यात, रचाव्यात. दोघांनी मिळून 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापला. पुढे ताराबाईंनी मराठीतून ‘शिक्षणपत्रिका’ चालविली आणि 1936 मध्ये दादरला शिशुविहार सुरू केले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. डॉ. माँटेसरींनी आपले पहिले बालगृह 1907 मध्ये रोममधील गरीब कामकरी वस्तीत उघडले होते. आपल्याकडे मात्र तीच पद्धती घोटीव लाकडी साधने घेऊन आली आणि ज्यांना ती परवडत त्यांच्याच अंगणात स्थिरावली. ताराबाईंना हे खुपले असले पाहिजे. 1945 मध्ये, वयाच्या 53 व्या वर्षी, त्या डहाणू तालुक्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या व तेथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या.

बोर्डीस अडचण निराळीच होती. शाळा होती, पण वाड्यावस्त्यांतील मुले येत ना. कोणी धाकट्या भावंडाला सांभाळी, कोणाची आई भल्या पहाटे कामास जाई. तेव्हा बाईच वस्तीत जाऊ लागल्या. एखाद्या घरापुढचे अंगण झाडून तेथेच मुलांना जमवावे, आंघोळ घालावी, केस विंचरावेत, नखे कापावीत आणि मग खेळास बसवावे. साधने कोणती? किनाऱ्यावरचे शिंपले, खडे, बिया, पाने, माती. ही अंगणवाडी!

हे गरिबीतले काम भागविणे होते असे कोणी समजू नये. लहानमोठे शिंपले वेगळे करणारे मूल आकार शिकते; बिया ओळीने मांडणारे मूल संख्या शिकते; माती मळणाऱ्या बोटांना पुढे लेखणी जड जात नाही. आपल्या आज्यांनी चिंचोक्यांवर एकीबेकी शिकविली ती याच न्यायाने, फक्त तिला कोणी शिक्षण म्हटले नव्हते. आपल्याकडे मोसमात सीताफळाच्या बिया घरोघर केरात जातात, आणि साडेतीन वर्षांच्या नातवाच्या हाती मात्र आपण गिरवण्याची वही देतो. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने 3 ते 8 या वयासाठी खेळातून शिक्षण सांगितले आहे; पण मुलाखत देऊन प्रवेश मिळवलेल्या बाळाची आई ते ऐकून घेईल, याची मला खात्री वाटत नाही.

1957 मध्ये ताराबाई कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत गेल्या. वय 65. तेथली मुले दिवसभर गुरांमागे असत, तेव्हा शाळा कुरणात भरू लागली. थोरली बहीण तान्ह्या भावासाठी घरी राहू नये म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एके ठिकाणी आणली. 1962 मध्ये पद्मभूषण मिळाले. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्या वारल्या.

2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव दिले. नाव देशभर गेले. नावाबरोबर पोषक आहार गेला, लसीकरण गेले, वजनाची नोंदवही गेली. शिंपले आणि बिया मात्र वाटेत पुष्कळ ठिकाणी सांडल्या. कोसबाडास अनुताईंनी त्या जपल्या. 1992 मध्ये त्या निवर्तल्या, तोवर टेकडीवर त्यांचे काम चालू होते.