शार्ल-एदुआर ब्राउन-सेकार

शार्ल-एदुआर ब्राउन-सेकार (८ एप्रिल, १८१७ – २ एप्रिल, १८९४) हे मॉरिशसमध्ये जन्मलेले शरीरक्रियाशास्त्रज्ञ व चेतासंस्थेचे वैद्य होते. वृषणाच्या अर्काविषयी त्यांनी केलेला दावा टिकला नाही. परंतु टेस्टोस्टेरॉन उपचाराच्या इतिहासाचा आरंभ त्यांच्यापासूनच मानला जातो.

जीवन

त्यांचा जन्म पोर्ट लुई येथे झाला. पुढे याच बेटावर कोकणातून मराठी मजूर करारावर गेले. वडील अमेरिकन जहाजाचे कप्तान होते. मुलाच्या जन्मापूर्वीच त्यांचा मृत्यू झाला. आई फ्रेंच वंशाची होती. ब्राउन-सेकार यांनी १८४६ मध्ये पॅरिसमध्ये वैद्यकाची पदवी मिळवली. १८५४ च्या पटकीच्या साथीत ते मॉरिशसला परतले. पुढे लंडन व हार्वर्ड येथे काम करून १८७८ मध्ये ते कॉलेज द फ्रान्समध्ये क्लोद बेर्नार यांच्या जागी प्राध्यापक झाले.

संशोधन

मज्जारज्जूची एकच बाजू छेदली गेल्यास त्याच बाजूचे स्नायू लुळे पडतात, तर वेदना व तापमान यांची जाणीव विरुद्ध बाजूस नष्ट होते, हे त्यांनी दाखवले. हा विकार त्यांच्या नावाने ओळखला जातो. अधिवृक्क ग्रंथी काढल्यास प्राणी मरतात, हे त्यांनी १८५६ मध्ये सिद्ध केले.

वृषणाच्या अर्काचा प्रयोग

वयाच्या ७२ व्या वर्षी त्यांनी कुत्रा व गिनीपिग यांच्या वृषणांचा पाण्यात काढलेला अर्क स्वतःला टोचून घेतला. १ जून, १८८९ रोजी पॅरिसच्या जीवशास्त्र संस्थेत त्यांनी शक्ती व उत्साह वाढल्याचे सांगितले. इंजेक्शने वेदनादायक होती, आणि ती थांबवल्यावर मिळालेला लाभही ओसरला. तरीही अशा अर्कांचा प्रसार झपाट्याने झाला. वस्तुतः टेस्टोस्टेरॉन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि वृषणात त्याचा मोठा साठाही नसतो. त्यामुळे जाणवलेला गुण हा मुख्यतः विश्वासाचा परिणाम होता.

मूल्यमापन

ग्रंथींचे स्राव रक्तावाटे शरीरावर परिणाम करतात, ही त्यांची मूळ कल्पना मात्र योग्य होती. १८९१ मध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या अवटू ग्रंथीच्या अर्काने रुग्ण बरा केला. टेस्टोस्टेरॉन १९३५ मध्ये शुद्ध स्वरूपात मिळाले. ते बाहेरून दिल्यास पीयूषिका ग्रंथीचे वृषणांना जाणारे संदेश मंदावतात. परिणामी वृषणे आकुंचन पावतात व शुक्राणूंची निर्मिती घटते. तांबड्या पेशी वाढून रक्तही दाट होऊ शकते. पौरुष वाढवण्यासाठी घेतलेल्या औषधाने प्रजननक्षमताच कमी व्हावी, हा परिणाम ब्राउन-सेकार यांच्या निष्प्रभ अर्कातून दिसणे शक्यच नव्हते. म्हणूनच आज हा उपचार कमतरता तपासणीने सिद्ध झाल्यावर व नियमित रक्ततपासणीसह दिला जातो.